चारूचं सोवळं

१० जून २०२५, मंगळवार

गिरीश भावजींनी चारूचा फोटो भिंतीवरून काढला. आज. वटपौर्णिमेला.

सकाळी दुधाची पिशवी द्यायला खाली गेले तर खिळा रिकामा, हार सोफ्यावर. "पुसायला काढलात का?" विचारलं. ते बूट घालत होते. "भिंत रंगवायचीय, वहिनी." पावसाळ्याच्या तोंडावर कोण भिंत रंगवतं? पण मी पुढे विचारलं नाही. पुढे विचारणं मला जमत नाही. कधीच जमलं नाही.

ते दिलसुखनगरला क्लासवर शिकवायला निघून गेले. मग हर्षदा आतून आली. चारूची चौदा वर्षांची पोर, आई जाऊन अजून सहा महिने नाही झाले. म्हणाली, "मोठी आई, फोटो कपाटात आहे. उलटा ठेवलाय."

हार मी वर आणला. कुठे ठेवायचा कळेना. फ्रीजवर ठेवलाय.

वडाला गेले नाही. वर्षाच्या आत सण नाही, असं शेजारणींना सांगितलं.

१२ जून, गुरुवार

कारण कळलं.

हर्षदाच्या शाळेतून पालकांना मेसेज आला आहे. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर लस असते, मोठ्या वर्गातल्या मुलींना शाळेतच डॉक्टर येऊन देणार, संमती कळवा. भावजींनी 'नाही' कळवलं. हर्षदा रडवेली. "सगळ्या फ्रेंड्सच्या पेरेंट्सनी येस केलंय. आणि माझी तर आईच गेली ना त्यानं? मग मलाच नो का?"

मी तिच्या मैत्रिणीच्या आईकडून तो मेसेज मागवून वाचला. त्यात लिहिलंय — हा कॅन्सर एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. भावजी त्या ओळीवर अडकले.

दवाखान्यात सात-आठ महिने आम्ही एच.पी.व्ही., एच.पी.व्ही. ऐकत होतो. मला वाटायचं ते कुठल्या तरी तपासणीचं नाव आहे. मान हलवायचे. भावजींनाही तसंच वाटलं असणार. चारूला काय वाटत होतं ते तिला कुणी विचारलं नाही.

१५ जून, रविवार

चारू गेल्यापासून भावजी आणि हर्षदा आमच्याकडेच जेवतात. आज हर्षदा ताटावरून लवकर उठून खाली गेली आणि ह्यांनी विषय काढला. "लस द्यायला काय हरकत आहे, गिरीश?" हे फार बोलत नाहीत, म्हणून बोलले की सगळे थांबतात.

भावजी म्हणाले, "दादा, मी केमिस्ट्री शिकवतो. टेस्ट ट्यूबमध्ये काही पडल्याशिवाय रंग बदलत नाही. माझ्याकडून पडलं नाही. माझ्या आयुष्यात दुसरी बाई नाही, आईची शपथ. मग आलं कुठून?"

"जेव आधी."

"जेवतो की. पण सांगा ना, कुठून आलं?"

मी म्हटलं, "असं काही नसेल, भावजी. कुणालाही होत असेल."

"कुणालाही? तुम्हाला झालं का?" मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. "तुमची गोष्ट वेगळी, वहिनी. तुमच्याकडे न् दादाकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत आहे या नल्लकुंट्यात?"

हर्षदाचा फोन त्यांनी काढून घेतलाय. ट्यूशन बंद केली, तिथे मुलं येतात म्हणून. लस तर नक्कोच म्हणाले. "ती दिली म्हणजे परवानगीच दिली पोरीला."

मी वांग्याची भाजी वाढली.

१६ जून

माझी गोष्ट वेगळी. शाळेत सहावीला नद्या शिकवताना हेच डोक्यात. गोदावरी दोनदा सांगितली, पोरं हसली.

१८ जून, बुधवार

हे लिहून काढायचं आहे. कुणाला वाचून दाखवायचं नाही, म्हणून सगळं लिहिते.

आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. सासूबाई होत्या तोवर सोवळं त्यांचं. त्या गेल्या आणि ते माझ्याकडे आलं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, फुलोरा — हे एकटीचं काम नाही. दोन्ही जावा लागतात, आणि दोघीही त्या दिवसांत बाजूला बसलेल्या चालत नाहीत. माझी पाळी दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणून मी सुटले. चारू माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिची तारीख बघायला लागायची.

त्यात विशेष काही नव्हतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मिळतात. आमच्यातल्या सगळ्याच घेतात. चारूला मागायची लाज वाटायची, म्हणून मीच आणायचे. दुकानदार ओळखीचा. "मॅडम, वोहीच गोली ना? लक्ष्मीवाली? तुमचे लोगां आले की माझा स्टॉक ख़तम." मी मान खाली घालून पिशवीत टाकायचे.

तेवीस सालच्या श्रावणात चारू वर आली. मी शेवया सोलत — छे, शेंगा सोलत होते. म्हणाली, "ताई, मला परत दिसलं हो. आत्ताच तर होऊन गेलं होतं." मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "वय झालं की असंच होतं. माझंही झालं होतं. गोळी चालू कर, महालक्ष्म्यांपर्यंत ओढून ने."

तिने ओढून नेलं. मग नवरात्रात घट. परत डाग. परत गोळ्या मी आणल्या. मग दिवाळी. मग चंपाषष्ठीचं वांग्याचं भरीत आणि रोडगे. प्रत्येक वेळी ती जिन्यात हळू आवाजात सांगायची आणि मी मनात तारखा मांडायचे. कुळाचार माझ्या हातून मोडू नये, एवढंच माझ्या डोक्यात. एकदा म्हणाली, "पांढरंपण फार जातं. वास येतो. मी दोनदा अंघोळ करते." मी म्हटलं, "कर की. सोवळ्यात बरंच ते."

हे खोडलं, परत लिहिलं.

ती हसायचीही त्यावर. पुरण वाटता वाटता म्हणाली होती, "ताई, देवीला कळत नसेल का आपण गोळी खाल्लीय ते? ती पण बाईच की." मी तिला गप्प केलं होतं. नैवेद्याच्या वेळी बोलू नये म्हणून.

त्या दिवशी वाढायच्या आधी मी तिला विचारलं होतं, "नीट आहेस ना?" तिने "हो" म्हटलं. मी शिवाशिवीचं विचारत होते. ती कमरेवर हात ठेवून उभी होती. ते मला दिसलं होतं.

चोवीसच्या उन्हाळ्यात ती बाथरूममध्ये पडली तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. तोवर पसरलं होतं.

१९ जून

काल लिहिलं म्हणून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

२२ जून, रविवार

कुसुम वन्सं आल्या होत्या, ह्यांची मोठी बहीण. आल्या आल्या भावजींना म्हणाल्या, "काय रे गिऱ्या, तोंड असं का? रेशनच्या तांदळात खडा लागला का?" भावजी हसले नाहीत. खाली निघून गेले.

वन्सं स्वयंपाकघरात माझ्या मागे आल्या. त्यांना भावजींनी फोनवर सगळं सांगितलेलं. आवाज उतरवून म्हणाल्या, "माधवी, तुला ठाऊक असेल. चारू लग्नाआधी तारनाक्याला नोकरीला होती ना? तिथे काही — म्हणजे मी वाईट नाही म्हणत हं, मेलेल्या माणसाबद्दल."

"मला नाही माहीत असं काही."

"नाही माहीत की नाहीच?"

मी चहा गाळत होते. आणखी बोलायला हवं होतं. 'नाहीच' एवढा एक शब्द. गाळणी हातात धरून उभी राहिले. वन्संनी त्या गप्प राहण्याचा अर्थ लावला तो त्यांच्या तोंडावर दिसला. "जाऊ दे बाई. पोरीकडे लक्ष ठेवा म्हणजे झालं. रक्त असतं शेवटी."

मागे वळले तर हर्षदा दारात. पाण्याची बाटली घेऊन.

अठरा वर्षं एका घरात राहिलो. ती एकटी बाजारातही जायची नाही, मला हाक मारायची. आणि मी चहा गाळत राहिले.

२३ जून, सोमवार

शाळेतून आले तर हर्षदा वर येऊन बसलेली. गणवेश तसाच. मी पोहे केले. खाल्ले नाहीत.

"मोठी आई, आई तशी होती का?"

"कशी?"

"तशी. आत्या म्हणाली तशी. बाबांना वाटतं तशी." मग इंग्रजीत भराभर बोलली, मला निम्मंच कळलं. शेवटी म्हणाली, "मी तिच्यासारखी दिसते ना? सगळे म्हणतात. मग बाबा मला बघत पण नाहीत हल्ली."

मी म्हटलं, "तुझी आई चांगली होती."

"तुम्हाला नक्की माहीत आहे की असंच बोलताय?"

हिला उत्तर द्यायला मला नक्की माहीत असलं पाहिजे. माझ्याकडे माहिती काय आहे? शाळेच्या मेसेजची एक ओळ.

२५ जून, बुधवार

शाळा सुटल्यावर परस्पर बरकतपुऱ्याला गेले. तिथे एक बाई डॉक्टर आहेत, सुधाराणी. चारूवर त्यांनी उपचार केले नव्हते, म्हणूनच गेले. घरी पालकांची मीटिंग आहे म्हणून सांगितलं.

आत गेल्यावर खुर्चीच्या मागेच उभी राहिले. त्या तेलुगूत 'कूर्चोंडि', बसा, म्हणाल्या, मग केसपेपरवर माझं नाव, काम वाचून हिंदीवर आल्या. "तुम्ही टीचर आहात ना? मग विचारा. मी ओरडणार नाही."

मी विचारलं — माझ्या जावेला हा कॅन्सर झाला. घरात म्हणतात, बाई चांगली असती तर झाला नसता. खरं आहे का?

त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, हा प्रश्न दर आठवड्याला येतो, फक्त बाया बदलतात. मग त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहून ठेवते.

हा विषाणू फार लोकांना कधी ना कधी होतो. सर्दीसारखा येतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो, कळतही नाही. काही थोड्या बायकांत तो जात नाही. आत गप्प राहतो, दहा वर्षं, वीस वर्षंसुद्धा. मग गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी हळूहळू बिघडवतो. नवऱ्याशिवाय कुणाचा हात न लागलेल्या बायकांमध्येही निघतो. नवऱ्याला तो कधी झाला, लग्नाआधी की केव्हा, त्यालाही ठाऊक नसतं. कुणाकडून आला हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही.

"आणि माझे दीर म्हणतात, मी स्वच्छ आहे."

"कसं कळलं त्यांना? पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणीच नाही, अम्मा."

मी हे दोनदा म्हणायला लावलं. तपासणीच नाही! आणि भावजी टेस्ट ट्यूबच्या गोष्टी सांगतात.

मग गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "देवासाठी?" मी हो म्हटलं. "आमच्यात पण घेतात, तिरुपतीला निघाले की." पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "गोळ्यांनी कॅन्सर झाला नाही. ते मनातून काढा. पण मध्येच रक्त जाणं ही खूण होती. तेव्हा कुणी बघितलं असतं तर कदाचित..."

"कदाचित काय?"

"कदाचित," म्हणाल्या. त्याच्या पुढे गेल्या नाहीत.

मला बरं वाटावं म्हणून त्या खोटं बोलल्या नाहीत. हे मी त्यांचे उपकार मानते.

निघताना त्यांनी विचारलं, "तुमची तपासणी कधी झाली?" कधीच नाही. मी बावन्न वर्षांची आहे. "मग आज करूनच जा. आतून नमुना घेऊन विषाणू आहे का बघायचं, दुखत नाही." पडद्यामागे गेले. छताकडे बघत पडले होते. तेव्हा ते मनात आलं, जे येऊ नये. माझ्यात निघू दे. माझ्यात निघालं तर भावजींचं तोंड बंद होईल.

२६ जून

हर्षदाला सांगितलं. शब्द जमवून, पण सगळं. विषाणू कसा असतो, किती जणांना असतो. ती नीट ऐकत होती. म्हणाली, "हे बाबांना सांगा ना." मी म्हटलं सांगते.

"लवकर सांगा. शाळेत पंधरा जुलैपर्यंतच नाव घेतायत. आणि माझा बर्थडे ऑगस्टमध्ये. पंधरा झाली की तीन इंजेक्शनं लागतात म्हणे. आत्ता दोनच."

इंजेक्शनला घाबरणारी पोर. हिशोब मात्र पक्का केलाय.

२९ जून, रविवार

सांगितलं भावजींना. फसलं.

ते खालच्या पडवीत पेपर तपासत होते. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. म्हणाले, "डॉक्टर असंच बोलणार, वहिनी. त्यांना घरं मोडायची नसतात. हे सगळं मीपण वाचलंय. 'होऊ शकतं', 'असू शकतं'. माझ्या पोरांनी पेपरात असं लिहिलं तर मी शून्य देतो."

"तुम्ही स्वतः स्वच्छ आहात हे तरी कसं ठरवलंत?"

त्यांची मान ताठ झाली. मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते.

मग मी गोळ्यांचं काढलं. म्हटलं, दोष द्यायचाच तर मला द्या. तिला रक्त जात होतं आणि मी ते दाबायला गोळ्या आणून दिल्या, एका सणाला नाही, चार सणांना. मला वाटलं ते चिडतील. चिडावेत असंच मला वाटत होतं. ते म्हणाले, "गोळ्यांनी कॅन्सर होत नाही." अगदी समजुतीच्या आवाजात. "तुम्ही परेशान नका होऊ. तुम्ही तिचं बहिणीसारखं केलंत. तिनं काय केलं ते तिला ठाऊक."

माझा खरा गुन्हा त्यांनी हातसुद्धा न लावता परत दिला, आणि तिचा नसलेला गुन्हा कवटाळून बसलेत.

उठताना म्हणाले, "एक सांगतो. तुमच्यासारख्या बाईत हा विषाणू निघाला असता ना, तर मी मानलं असतं."

१ जुलै

रिपोर्टची वाट बघतेय. देवापुढे दिवा लावताना काय मागायचं ते कळत नाही. आज नुसताच लावला.

३ जुलै, गुरुवार

रिपोर्ट ह्यांनी आणला. मला उशीर होणार होता म्हणून ह्यांना सांगावंच लागलं. रेल्वे ऑफिसातून येताना स्कूटर बरकतपुऱ्याला वळवली. मी चष्मा शोधत होते. ह्यांनीच उघडून वाचला.

"निगेटिव्ह. काही नाही तुला."

मी खुर्चीत बसले आणि रडायला आलं. ह्यांना वाटलं सुटकेचं आहे. पाणी आणून दिलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पाणी आणून दिल्याचं मला आठवत नाही.

सुटकाही होती, ते खोटं का लिहू. माझ्या अंगात काही नाही हे ऐकून पाय हलके झाले. आणि लगेच चारूची आठवण आली, तिला रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हाची. ती म्हणाली होती, "ताई, आता महालक्ष्म्यांचं कसं व्हायचं?"

ह्यांना म्हटलं, "असता तर बरं झालं असतं."

ह्यांनी रिपोर्टची घडी घातली. खिशात टाकली. मग "दूध संपलंय का?" विचारलं आणि पिशवी घेऊन खाली गेले.

७ जुलै, सोमवार

हर्षदाला शाळेतून चिठ्ठी मिळाली, वर्गात लक्ष नाही म्हणून. भावजींनी तिला माझ्यासमोरच विचारलं, "कुणाचा विचार चालू असतो?" कुणाचा! ती म्हणाली, "आईचा." ते म्हणाले, "खोटं बोलू नकोस. तेपण शिकलीस का तिच्याकडून?"

पोर वर आली नाही जेवायला. मी ताट खाली नेलं. दार उघडलं नाही. बाहेर ठेवून आले.

मागच्या वेळी गाळणी हातात होती. आज ताट होतं. हातात काही ना काही असतंच माझ्या.

१० जुलै

चारूच्या वरणात नेहमी मीठ कमी असायचं. आज मी मुद्दाम कमी घातलं. कुणी काही म्हणालं नाही.

१३ जुलै, रविवार

सकाळपासून बोनालूचे, इथल्या देवीच्या सणाचे, ढोल. गल्लीतून बायका डोक्यावर मडकी, वर कडुलिंब घेऊन गेल्या. हर्षदा गच्चीत उभी राहून बघत होती. भावजींनी खालून हाक मारून तिला आत बोलावलं.

कुसुम वन्संचा फोन आला. "महालक्ष्म्या यंदा बसवणार नाही ना? वर्ष व्हायचंय. आणि पुढच्या वर्षी दुसरी जाऊ कुठून आणणार?" मग हसून म्हणाल्या, "गिऱ्याचं बघायला हवं आता. बघून-सवरून या वेळी."

बघून-सवरून. फोन ठेवून मी मोरीत उभी राहिले, नळ सोडून. ह्यांनी दार वाजवलं. काय झालं ते मी सांगितलं. 'या वेळी' हे शब्द दोनदा सांगितले.

मी म्हटलं, "परवा शाळेची मुदत. भावजींना माझ्यासारखी बाई हवी आहे पुराव्याला. आहे की मी. मी खोटं बोलले तर?"

ह्यांनी नळ बंद केला. मी आजवर खोटं बोलले ते पालकांच्या मीटिंगचं. ह्यांनी तर ऑफिसात आजारपणाची खोटी रजासुद्धा कधी टाकली नाही. ज्यात ह्यांचंही नाव जाईल अशी गोष्ट ह्यांना विचारायची तरी कशी? मीच म्हटलं, "जाऊ द्या. वेड्यासारखं बोलले."

१४ जुलै, सोमवार

रात्री जेवताना मी सांगितलं. हर्षदाही होती, तिला थांबवून घेतलं होतं. म्हटलं, भावजी, मी तपासणी केली, माझा रिपोर्ट आला. माझ्यातही तो विषाणू आहे.

भावजींचा घास हातातच राहिला. माझ्याकडे बघितलं. मग ह्यांच्याकडे बघितलं, आणि बघतच राहिले. मला वाटलं आता हे खरं सांगतील. ह्यांना खोटं बोलता येत नाही.

ह्यांनी ताटातून मान वर केली नाही. म्हणाले, "हो. मीच आणला रिपोर्ट. माझ्याकडूनच गेला असणार तिला."

मग ताक मागितलं. मी वाढलं. थोडं सांडलं.